स्मारक हटवले, आता कोर्टासाठी चंदा: देण्याआधी काय विचारायचे?

गेल्या काही वर्षांत एका नव्या तऱ्हेचा चंदा आपल्यापर्यंत येऊ लागला आहे. मस्जिदीचा स्लॅब, मदरशातल्या मुलांचे जेवण, कब्रस्तानची भिंत, यांचा चंदा आपल्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. जुम्याच्या नमाजनंतर रुमाल पसरला जातो, ज्याला जे जमेल ते तो टाकतो. हा चंदा वेगळा आहे. कुठेतरी एखादा दर्गाह, चौकातले एखादे स्मारक किंवा एखादी कमान हटवली जाते. संध्याकाळपर्यंत जेसीबीचा व्हिडिओ आपल्या जऊळक्यात प्रत्येकाच्या मोबाईलवर असतो. दुसऱ्या दिवशी त्याच व्हिडिओखाली क्यूआर कोड येतो: आता कोर्टात जायचे आहे, जमेल तेवढी मदत करा.

मन हळहळते आणि हात खिशाकडे जातो. त्यात वाईट काहीच नाही. पण कोर्टाच्या लढाईत पैसा हा तिसऱ्या नंबरचा प्रश्न आहे. पहिला कागदाचा, दुसरा तारखेचा. हे दोन हातात नसतील तर चंदा कितीही जमला तरी तो फीमध्ये जातो आणि पाडलेली वस्तू जागेवर परत येत नाही. हे कसे होते ते गेल्या काही वर्षांतल्या प्रकरणांवरूनच बघू.

नाशिकचे पंधरा दिवस

नाशिकच्या काठे गल्लीतला सातपीर दर्गाह. महापालिकेने १ एप्रिल २०२५ रोजी नोटीस दिली की बांधकाम अनधिकृत आहे, पंधरा दिवसांत स्वतः काढून घ्या. दर्गाहच्या वतीने ७ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. ती लवकर सुनावणीला यावी म्हणून धडपड झाली, पण ती यादीवर आली नाही. मुदत संपली. १५ तारखेच्या रात्री परिसरात दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, आणि १६ तारखेला बांधकाम पाडले गेले. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. जॉयमाल्य बागची यांच्या खंडपीठाने महापालिकेच्या नोटिशीला स्थगिती दिली. याचिका यादीवर का आली नाही याचा अहवालही उच्च न्यायालयाच्या रजिस्ट्रार जनरलकडून मागवला. पण स्थगिती मिळाली तेव्हा वाचवण्यासारखे जागेवर काही उरले नव्हते.

आता हिशेब करा. नोटीस आल्यापासून याचिका दाखल व्हायला सहा दिवस लागले. हे काही उशिराचे काम नाही. वकील ठरवणे, जुने कागद गोळा करणे, प्रतिज्ञापत्र, भाषांतर, हे सगळे सहा दिवसांत झाले. तरी वेळ पुरला नाही. ज्या गावात कागद कुणाच्या घरी आहेत हेच ठाऊक नसते, तिथे काय होईल? पंधरा दिवसांत पहिला आठवडा तर बैठकीत आणि ‘अध्यक्ष कोण’ या वादात जातो. म्हणून पाडल्यानंतर सुरू होणारी मोहीम ही नेहमी अर्धी हरलेली असते. कोर्ट पाडकाम थांबवू शकते. पाडलेले पुन्हा बांधून द्या असा आदेश मिळणे मात्र फार दुर्मिळ.

दुसरी गोष्ट. अशा रात्री जर अटका झाल्या तर चंदा आपोआप दोन वाटांनी जातो. एक वाट जागेच्या खटल्याची, दुसरी पोरांच्या जामिनाची. दोन्ही खर्च खरे आहेत. पण देणाऱ्याने पैसे स्मारकासाठी दिले आणि ते जामिनावर गेले, तर ते त्याला विचारून व्हायला हवे. पहिल्या दिवसापासून दोन वेगळे हिशेब ठेवले तर पुढची भांडणे टळतात.

बुलडोझरचा निकाल कुणाला लागू, कुणाला नाही

चंद्याच्या प्रत्येक मेसेजमध्ये आता सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा उल्लेख असतो. न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी दिलेला हा निकाल खरोखर महत्त्वाचा आहे. निदान पंधरा दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टाने पाठवायची, इमारतीवरही चिकटवायची, मालकाचे म्हणणे ऐकायचे, अंतिम आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस थांबायचे, पाडकामाचे चित्रीकरण करायचे, आणि नियम मोडला तर अधिकाऱ्याच्या पगारातून भरपाई. एवढे वाचून माणसाला वाटते की आता आपण जिंकलोच.

पण त्याच निकालात एक अपवाद लिहिलेला आहे, तो मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. रस्ता, गल्ली, फूटपाथ, रेल्वेमार्गाची कडेची जागा, नदी किंवा पाणवठा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला ही दिशादर्शक तत्त्वे लागू नाहीत. न्यायालयानेच पाडायला सांगितले असेल तिथेही नाहीत. आणि आपली बहुतेक स्मारके कुठे असतात? चौकात. म्हणजे ज्या ढालीच्या भरवशावर आपण चंदा मागतो, ती ढाल नेमकी तिथेच नाही.

चौकातल्या पुतळ्या-स्मारकांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेशही आहे. सार्वजनिक रस्ते, फूटपाथ आणि लोकांच्या वापराच्या जागांवर पुतळा किंवा बांधकामाला राज्यांनी परवानगी देऊ नये, असे तो सांगतो. रस्त्यावरच्या धार्मिक बांधकामांबाबत सप्टेंबर २००९ चा वेगळा आदेश आहे. त्यानुसार नव्या अनधिकृत बांधकामाला परवानगी नाही, आणि जुन्यांचा निर्णय राज्याने एकेक प्रकरण बघून घ्यायचा. महाराष्ट्रात पुतळ्यांसाठी सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय आहे. जागेची मालकी, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचे ना-हरकत, शिल्पाच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, अशा पायऱ्या चढल्याशिवाय पुतळा कायदेशीर होत नाही.

जून २०२३ मध्ये धुळ्यात चौकातले टिपू सुलतानचे स्मारक तक्रारीनंतर हटवले गेले, तेव्हा आपल्याकडे फार नाराजी होती. टिपूबद्दलची ती नाराजी समजण्यासारखी आहे. पण अशा प्रकरणात न्यायाधीश टिपू चांगला होता की वाईट हे विचारत नाहीत. ते विचारतात, परवानगीचा कागद दाखवा. दुसऱ्या समाजाचे बिनपरवाना स्मारक चार चौक सोडून तसेच उभे आहे, हा युक्तिवाद आपल्याला घरी बसून फार पटतो. कोर्ट मात्र त्यावर एवढेच म्हणते की त्याची वेगळी तक्रार करा, बेकायदेशीर गोष्टीत समानतेचा हक्क मागता येत नाही. हे कडू आहे, पण चंदा मागणाऱ्याने ते लोकांना आधी सांगितले पाहिजे.

गुजरातची पंधरा वर्षे

२००२ च्या दंगलीत अहमदाबादच्या शाहीबागेत पोलीस आयुक्तांच्या कार्यालयासमोर असलेली वलीची मजार पाडली गेली आणि तिच्यावरून डांबरी रस्ता झाला. वली तर आपला, औरंगाबादचा. उर्दूच्या वर्गात गझल शिकवायची म्हटली की त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते. मुलांना ‘वली दकनी’ सांगितले की कुणीतरी विचारतोच, सर, त्याची कबर कुठे आहे? उत्तर देताना थांबावे लागते.

त्या दंगलीत नुकसान झालेल्या धार्मिक स्थळांसाठी इस्लामिक रिलीफ कमिटी ऑफ गुजरात ही संस्था उच्च न्यायालयात गेली. एखाद्या गावाने एकट्याने लढण्याऐवजी एका संस्थेने शेकडो स्थळांसाठी एकच लढा दिला, ही पद्धत नीट बघण्यासारखी आहे. ८ फेब्रुवारी २०१२ रोजी गुजरात उच्च न्यायालयाने सरकारने दुरुस्तीचा खर्च द्यावा असा निकाल दिला. मोठा विजय होता. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २९ ऑगस्ट २०१७ रोजी तो निकाल रद्द झाला. त्याऐवजी सरकारची योजना मान्य झाली. तिच्यात मदतीची कमाल मर्यादा होती पन्नास हजार रुपये. शिवाय अटी: बांधकाम रस्त्याच्या मधोमध किंवा अनधिकृत जागी नसावे, नुकसानीचा एफआयआर त्या वेळी नोंदलेला असावा, मालकी किंवा व्यवस्थापनाचा हक्क सिद्ध करता यावा.

म्हणजे पंधरा वर्षे लढून शेवटी गाडी पुन्हा त्याच ठिकाणी आली, कागदावर. ज्याने २००२ मध्ये जीव मुठीत धरूनसुद्धा पोलीस ठाण्यात जाऊन एफआयआर केला होता, त्याचा अर्ज पुढे सरकू शकत होता. इतरांचा नाही.

याउलट आपल्या शेजारच्या पातूरचे बघा. मालेगाव-मेडशीवरून अकोल्याला जाताना पातूर लागते. तिथल्या नगरपरिषदेच्या इमारतीवरच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव होते, ते काढावे म्हणून एका माजी नगरसेविकेने मागणी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपरिषदेने बहुमताने ठराव केला की उर्दूचा वापर १९५६ पासून चालत आला आहे, पाटी राहील. प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले, तिथे निर्णय उर्दूविरुद्ध लागला. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांनी तो फिरवला. मग नागपूर खंडपीठ, सर्वोच्च न्यायालय, परत नागपूर, परत सर्वोच्च न्यायालय. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी पाटीच्या बाजूने निकाल दिला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे हे सविस्तर लिहिले. एका पाटीसाठी पाच वर्षे आणि एवढी दारे. पण पाटी टिकली, कारण तिच्यामागे नगरपरिषदेचा ठराव होता आणि कित्येक वर्षांच्या वापराची नोंद होती. पाटी त्या काळात उतरवली गेली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

चंद्याने लढलेली लढाई आपल्या इतिहासात नवी नाही. १९१३ मध्ये कानपूरच्या मछली बाजारातल्या मस्जिदीचा वजूचा दालान रस्ता रुंद करण्यासाठी १ जुलैला पाडला गेला. ३ ऑगस्टला लोक जमले, गोळीबार झाला, माणसे मेली, कित्येक तुरुंगात गेले. देशभरातून मदत गोळा झाली. पाटण्याचे बॅरिस्टर मजहरुल हक आरोपींची बाजू लढवायला गेले. शेवटी १४ ऑक्टोबरला व्हॉइसरॉय हार्डिंग स्वतः कानपूरला आले आणि तोडगा निघाला: कैदी सुटतील, दालान उंचावर पुन्हा बांधला जाईल आणि त्याच्या खालून लोकांसाठी वाट राहील. साडेतीन महिन्यांत. आज इतक्या वेगाने काही होईल असे वाटत नाही. पण तो निकाल कोर्टाने दिला नव्हता, तो समझोता होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रस्ताही हवा आणि दालानही हवा, यातून वाट काढणारा कुणीतरी दोन्ही बाजूंना होता. चंद्यातला थोडा पैसा आणि बराचसा वेळ अशा बोलणीसाठीही ठेवावा लागतो. आपल्याकडे बोलणी करणाऱ्याला लगेच ‘विकला गेला’ म्हणतात, ही आपली जुनी खोड.

चंदा कायद्यात कसा बसतो

कुणाच्या खटल्याला दुसऱ्याने पैसे देणे आपल्या देशात गुन्हा नाही. वकील नसलेल्या तिसऱ्या माणसाने खर्च उचलायला हरकत दिसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या बार कौन्सिल विरुद्ध ए. के. बालाजी प्रकरणात म्हटले आहे. वकिलाने मात्र ‘जिंकलो तर एवढी फी’ असा सौदा करायचा नसतो, बार कौन्सिलचे नियम त्याला मनाई करतात. असा सौदा कुणी सांगितला तर सावध व्हा.

गोळा कोण करतो हे मात्र कायदा बघतो. नोंदणीकृत ट्रस्ट नसलेल्या मंडळींनी धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी घेतात तीच ही परवानगी. आपल्या कमिट्यांना हे कलम माहीतच नसते. स्मारक धार्मिक नाही म्हणून कलम लागत नाही, असा वाद कुणी घालील, पण परवानगी घेतल्याने नुकसान काय? उद्या कुणी तक्रार केली तर हातात एक कागद असेल.

क्यूआर कोड एका माणसाच्या खात्याचा असेल तर त्या माणसाचाच जीव धोक्यात घालतोय आपण. परक्यांकडून वर्षभरात पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम आली की आयकर खाते ती उत्पन्न म्हणून धरू शकते. ट्रस्टचे किंवा समितीचे खाते हवे, दोन सह्यांचे. करसवलतीचे आमिष दाखवू नये. एकाच धार्मिक समाजासाठी असलेल्या संस्थेला ८० जीची सवलत सहसा मिळत नाही.

आखातातले आपले भाऊबंद फार दिलदार असतात. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि ते स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असतील, तर तो परदेशी निधी धरला जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याचा पैसा एफसीआरएची नोंदणी नसलेल्या संस्थेने घेणे गुन्हा आहे. कुवेतहून आलेले पाच हजार रुपये कमिटीला किती महागात पडू शकतात, हे कमिटीने आधीच समजून घ्यावे.

जकातीचे काय, हा प्रश्न रमजानमध्ये हमखास येतो. जकातीचे आठ मसारिफ सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत ठरलेले आहेत आणि हनफी उलेमांकडे तमलीकची, म्हणजे गरजवंताला त्या रकमेचे मालक करण्याची अट आहे. इमारत आणि खटला त्यात बसत नाहीत असेच बहुतेक सांगतात. तेव्हा हा चंदा इमदाद किंवा लिल्लाह म्हणून वेगळा द्यावा, आणि काही शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. देवाणघेवाण लिहून ठेवायला सांगणारी सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे मात्र पावतीपुस्तक छापताना आठवावे.

मग विचारायचे काय? खटला कुणाच्या नावाने आहे, कोणत्या कोर्टात, नंबर काय. नंबर मिळाला की ई-कोर्ट्सच्या साइटवर कुणीही पोरगा पुढची तारीख काढून दाखवतो. अजून दाखलच झाला नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. वकिलाची फी किती ठरली, ती दर तारखेला की पूर्ण प्रकरणाची, हे लेखी असावे. रिट याचिकेची कोर्ट फी तशी किरकोळ असते. खरा खर्च वकील, कागदांच्या प्रती, भाषांतर आणि येण्याजाण्याचा. वाशिम जिल्ह्यातले प्रकरण नागपूर खंडपीठात जाते, वक्फचा वाद असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या न्यायाधिकरणात. आणि पैसे उरले तर कुठे जातील, हे पावतीवरच छापलेले असावे.

ज्याचे घर किंवा दुकान त्याच कारवाईत गेले, त्याने फुकट वकिलाची चौकशीही करावी. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट नाही, उत्पन्नाच्या निकषावर येणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. मालेगावच्या तालुका न्यायालयात यासाठी समिती असते.

राहिला कागद. त्याला चंदा लागत नाही. आपल्या गावातला दर्गाह, कब्रस्तान, कमान किंवा ईदगाह कुठल्या जागेवर आहे? सातबारा, गावठाण असेल तर मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८ यांत कुणाचे नाव आहे? तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, तर ती जागा नाही ना? असेल तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५३ खाली कधीही नोटीस येऊ शकते. वक्फ असेल तर मुतवल्लींना विचारा, उमीद पोर्टलवर तपशील भरला का? २०२५ च्या दुरुस्तीनंतर केवळ वापरामुळे झालेला वक्फ जुन्या नोंदणीशिवाय सांभाळणे फार अवघड झाले आहे. आणि नोंद असली तरी जागा सरकारी असल्याचा वाद असेल तर संरक्षण मिळेलच असे नाही. माहितीच्या अधिकारातल्या अर्जाला दहा रुपये लागतात, पानाला दोन, आणि उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाशिकची नोटीस पंधरा दिवसांची होती. म्हणून हा अर्ज नोटीस येण्याआधीच टाकलेला बरा.